कंडक्टरचा आगगोळा

रणजीत राठोडच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही, हे सेनगावपासून वसमतपर्यंतच्या प्रवाशांना ठाऊक आहे. गाडी फलाटाला लागली की लोक धावतात. ज्याचा हात पोचतो तो रुमाल टाकतो, कुणी टोपी टाकतो, आणि एकाने तर लेकराची चप्पल टाकली होती. मग सगळे आरामात दाराशी येतात, कारण जागा झालेली असते. रणजीत आधी आत चढतो आणि सगळे रुमाल गोळा करून ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर ठेवतो. "रुमालाला तिकीट न्हाई. माणूस बसला की जागा त्याची. ज्याचा त्याचा वळखून घेऊन जा." लोक चिडतात, तो चिडत नाही.

मी आमच्या डेपोच्या लेखा शाखेत आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. कंडक्टर लोकांशी माझा संबंध खिडकीच्या जाळीतून येतो. रणजीतचा हिशेबाचा कागद कधी परत पाठवावा लागला नाही. गणवेश इस्त्रीचा, दाढी केलेली, बोलणं मोजकं. साखऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचा हा माणूस. त्याचे वडील रूपसिंग कोरडवाहू शेती करत. आजोबांच्या आधीची पिढी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायची, म्हणजे प्रवास आमच्या रक्तातच आहे, असं तो गमतीत म्हणतो. रुमालाचा राग मात्र गमतीचा नाही. तो शाळेत असताना त्याची आई जमनाबाई हाताला प्लास्टर घालून हिंगोलीच्या दवाखान्यात निघाली होती. रांगेत ती पहिली होती. चढून पाहते तर सगळ्या जागांवर रुमाल. त्या वेळच्या कंडक्टरने तिला सांगितलं, "रुमाल हाय ना बाई, दिसत न्हाई का?" एका हाताने दांडा धरून ती हिंगोलीपर्यंत उभी आली. ज्या माणसांचे रुमाल होते ती माणसं तिच्यानंतर चढली आणि बसली. रणजीत तिच्या पदराशी उभा होता.

असा माणूस आमच्या घरी दर रविवारी दुपारी राक्षस मारायला येई, हे डेपोत सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

माझी मुलगी शीतल पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. तिथल्या मैत्रिणींकडून ती एक खेळ शिकून आली. जेवणाच्या टेबलावर मोठा पांढरा कागद अंथरायचा, त्यावर चौकटी आखायच्या. प्रत्येकाने आपलं एक पात्र ठरवायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. शीतल गोष्ट सांगत जाते, भुयार, किल्ला, दबा धरून बसलेले शत्रू. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवतात. जिंकणं-हरणं असं काही नसतं, गोष्ट पुढे जाते एवढंच. पात्र मेलं तर मात्र मेलं. माझी पत्नी कमल म्हणते, "शिकलेल्या लोकांची भातुकली." पण चहा तीच करते.

रणजीत एकदा रजेच्या अर्जावर सही घ्यायला घरी आला होता. टेबलावरचा कागद बघून त्याने विचारलं, "साहेब, हा गाडीचा शीट प्लॅन हाय का?" शीतलने त्याला बसवून घेतलं. तेव्हा तिच्याकडे दोनच खेळाडू होते. एक माझा पुतण्या आयुष, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तोंड दुकानापेक्षा मोठं आहे. दुसरी ज्योती, सरकारी दवाखान्यात नर्स. रणजीत दारात दिसला तशी ज्योती म्हणाली, "हेच ते! ह्यांनीच माझा रुमाल उचलून ठेवला होता." ती नरसीची. शिकत असताना सेनगावच्या गाडीने हिंगोलीला जायची. रणजीतने तिचा रुमाल इतरांच्या ढिगात टाकला आणि ती अख्खा रस्ता उभी गेली.

"परीक्षा होती माझी त्या दिवशी," ती म्हणाली.

"पास झालात न्हवं सिस्टर?"

"झाले."

"मंग? उभ्यानं वाचलेलं ध्यानात राहतं."

अशी त्यांची ओळख झाली. पुढे ज्योतीने त्याचीच थट्टा म्हणून टेबलावर एक रीत पाडली. तिला दवाखान्यातून केव्हाही फोन येई आणि डाव सोडून पळावं लागे. जाताना ती रुमालाची चौघडी करून कागदावर आपल्या पात्राच्या जागी ठेवी आणि म्हणे, "ओ कंडक्टर, ही जागा धरलीय. हात लावायचा न्हाई." रणजीत हात जोडून म्हणे, "हितं तुमचं राज्य." सगळे हसत. त्या रुमालाचा नेमका अर्थ काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही. गरज वाटली नाही.

ज्योतीच्या पात्राचं नाव लक्खा. खांद्यावर कुऱ्हाड, आवाज असा की भिंतीचा गिलावा पडावा. ज्योती स्वतः इतकी हळू बोलते की कमल तिला दोनदा विचारते, साखर किती. पण लक्खा झाली की ती खुर्चीवरून उठून ओरडायची, "या रे एकेक!" तिने लक्खाला जवळजवळ दोन वर्षं वाढवलं होतं. कागदावर लक्खा म्हणून ती एक मोठं लाल बटण ठेवी, स्वतःच्या लहानपणीच्या स्वेटरचं. एकदा ती कमलला म्हणाली होती, "काकू, आठवडाभर मी सगळ्यांचं ऐकते. रविवारी लक्खाचं सगळे ऐकतात."

रणजीत मांत्रिक झाला. त्याच्याकडे एकच मोठा मंत्र होता, आगगोळा. दिवसातून एकदा टाकता येई. कागदावर एक बिंदू दाखवायचा, त्या बिंदूभोवती मोठं वर्तुळ धरायचं, वर्तुळात जो कुणी असेल तो भाजतो. मूठभर फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल तेवढा मार प्रत्येकाला. चपळ असेल त्याला अर्धा. आग आपला-परका ओळखत नाही. शीतलने हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं.

पहिल्या रविवारी रणजीतने तो गोळा एका एकट्या राक्षसावर टाकला. राक्षस मोठा होता, थोडा भाजला, आणि उलटा अंगावर आला. आयुष म्हणाला, "दादा, एका माणसासाठी अख्खी एसटी सोडली तुमी."

हे त्याला लागलं. पुढच्या रविवारी तो बांधकामाच्या तारेचं कडं करून घेऊन आला, वर्तुळाच्या बरोबर मापाचं. ते कागदावर ठेवलं की कोण आत, कोण बाहेर, वाद नाही. आणि त्याने विचार सुरू केला. मी बाजूला पेपर वाचत बसलेलो असे, पण त्याचं बोलणं कानावर पडे. माणसं मोकळ्या मैदानात पांगतात, दाराशी गोळा होतात. गाडी लागली की दहा जण फलाटभर असतात, दार उघडलं की सगळे एका हाताच्या जागेत येतात. तेव्हा गोळा मैदानात टाकायचा नाही, दाराशी टाकायचा. लगेच टाकायचा नाही, गर्दी जमू द्यायची. जो एकटा आणि दांडगा आहे तो आयुषच्या चोरासाठी सोडायचा, आणि किरकोळ पण पुष्कळ आहेत ते आपण घ्यायचे. आणि वर्तुळाचा मध्य शत्रूच्या डोक्यावर ठेवायचा नाही, त्यांच्या पाठीमागे ठेवायचा. म्हणजे वर्तुळाची कड फक्त पुढच्या रांगेला शिवते, आणि दारात उभी असलेली लक्खा बाहेर राहते.

"भारमान बघावं लागतं," तो म्हणायचा. भारमान म्हणजे गाडी किती भरून धावली याचा आमच्या खात्यातला हिशेब. रणजीतचं भारमान डेपोत चांगलं असे आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता आगगोळ्याचंही भारमान तो बघू लागला.

लक्खा दारात आणि मांत्रिक मागे, ही जोडी फार जमली. लक्खा दार अडवी, शत्रू तिच्यापुढे साचत, ज्योती विचारी, "झालं का दादा?" आणि रणजीत म्हणे, "अजून दोघं येऊन राहिले, थांबा." मग एकदा कडं ठेवलं की सगळं साफ. शत्रू म्हणून शीतल चिंचोके वापरी. मेलेले चिंचोके आयुष खिशात टाकी आणि दुकानात गिऱ्हाइकांना दाखवी.

त्या रविवारी लक्खा भुयाराच्या तोंडाशी उभी होती. बरीच जखमी होती, पण हटत नव्हती. आतून ठेंगू शत्रू येत होते, चिंचोक्यांची रांगच्या रांग. तेवढ्यात ज्योतीचा फोन वाजला. वॉर्डात बाळंतपणाची बाई आली होती आणि दुसरी सिस्टर आली नव्हती. ज्योतीने घाईघाईत रुमाल काढला, चौघडी केली, भुयाराच्या तोंडाशी ठेवली. "सांभाळा हं माझ्या लक्खाला," म्हणाली आणि गेली.

चिंचोके जमत गेले. इतकी गर्दी कधीच झाली नव्हती. रणजीतची पाळी आली. त्याने कडं उचललं आणि नेहमीसारखं पाठीमागे धरून पाहिलं. रुमाल बाहेर राहत होता, पण अगदी पुढचे दोन चिंचोकेही बाहेर राहत होते. त्याने कडं एक चौकट अलीकडे सरकवलं. आता सगळे चिंचोके आत आले. रुमालही अर्धा आत आला.

शीतल म्हणाली, "रणजीतदादा, रुमाल वर्तुळात येऊन राहिला."

"रुमाल जळंल. नवा घेऊन देतो."

आयुष हसला.

"तसं न्हाई. लक्खा?"

"सिस्टर हायेत का हितं?" रणजीत म्हणाला. "माणूस उतरून गेला, रुमाल ठेवून गेला. रुमाल म्हंजे माणूस न्हाई, ताई. हे मी तुमाला सांगायचं का?"

"दोन चिंचोके सोडले तर चालतंय की," ती म्हणाली.

"काहून सोडायचे? फुल भारमान हाय. असं रोज भेटत न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

त्याने फासे टाकले. पाच-सहा, पाच-सहा, असे फासे मी त्या टेबलावर पाहिले नव्हते. आयुषने टेबलावर थाप मारली, "फुल्ल! उभं राहायला जागा न्हाई!" रणजीतही उभा राहिला. त्या माणसाला मी मोठ्याने हसताना तेव्हाच पाहिलं.

शीतल हसली नाही. तिने दोन बोटांनी रुमालाची चौघडी उचलली. खाली लाल बटण होतं.

रणजीत ते बटण बघत राहिला. मला वाटतं, त्याची कल्पना अशी असावी की ज्योती जाताना बटण बाजूला काढून ठेवते आणि जागेवर नुसता रुमाल राहतो. गाडीत तसंच असतं, रुमालाखाली कुणी नसतं. पण ज्योती रुमाल लक्खावर पांघरत होती. उघड्या दारात आपलं माणूस ठेवून जाताना झाकून जावं, तसं.

शीतलने लक्खाच्या वतीने चपळाईचा फासा टाकला. एक पडला. तिने लक्खाच्या कागदावर पाहिलं, तिथे उरलेली ताकद फार थोडी होती.

"गेली," ती म्हणाली.

मग आयुष म्हणाला, "परत टाकू की. कोण बघायला आलंय? कडं एक घर मागं घ्यायचं, दोन चिंचोके जगतेत, लक्खा बी जगती."

"पडलेला फासा पडला," शीतल म्हणाली. "पण तिच्या पाठीमागं... मला न्हाई कळून राहिलं. दादा, तुमी सांगा."

सगळे रणजीतकडे बघत होते. तिकीट फाडलं की फाडलं, असं म्हणणारा हा माणूस. चुकीच्या गाडीत चढलेल्या ओळखीच्या माणसालाही त्याने कधी तिकीट फिरवून दिलं नव्हतं. तो म्हणाला, "मागं घ्या."

शीतलने चिंचोके पुन्हा मांडले. कडं मागे सरकलं. फासे पुन्हा पडले, बरे पडले, दोन चिंचोके वाचले. रुमाल पुन्हा बटणावर गेला, आणि तो ठेवताना शीतलने त्याची घडी जशी होती तशी जुळवली. मी पेपर तोंडापुढे धरून होतो. मलाही काही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

ऊन उतरल्यावर ज्योती आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप, असं सांगत आली. आल्या आल्या तिने रुमाल उचलला, खाली बटण पाहिलं. "सांभाळलं ना माझ्या लक्खाला?"

"बराबर सांभाळलं," रणजीत म्हणाला.

त्यानंतर तो चहा न घेताच गेला.

सोमवारी तो माझ्या खिडकीशी आला. काम काही नव्हतं. जाळीपलीकडे उभा राहिला आणि त्याने मला आईची ती प्लास्टरची गोष्ट सांगितली, जी मी वर लिहिली. तोवर मला ती माहीत नव्हती. सांगून झाल्यावर म्हणाला, "साहेब, त्या कंडक्टरला मी लई वर्षं शिव्या दिल्या. त्याला रुमाल दिसला, माझी माय दिसली न्हाई. मला बी दोन चिंचोके दिसले." मी म्हणालो, "अरे, खेळ आहे तो." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं. "खेळच हाय," तो म्हणाला. "खेळात बी खोटं बोललो म्हंजे मंग राहिलं काय?"

पुढच्या रविवारी ज्योती स्टीलच्या डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी घेऊन आली. डबा उघडून तिने पहिलं धपाटं रणजीतपुढे धरलं. "पहिलं दादाला. माझ्या लक्खाचा राखणदार."

रणजीतने हात पुढे केला नाही. तो उठून उभा राहिला. तपासणीस गाडीत चढला की कंडक्टर उभा राहतो, तसा ताठ.

"सिस्टर, लक्खा मेलेली हाय."

ज्योती हसली. "आता काय नवीन?"

"मागच्या रविवारीच मेली. मी गोळा टाकला, ती आत होती. ताईनी विचारलं, मी म्हनलं रुमाल हाय, माणूस न्हाई. मंग फासे फिरवून घेतले. मीच म्हनलं फिरवा. आन तुमाला सांगितलं, बराबर सांभाळलं."

धपाटं तिच्या हातात तसंच होतं. तिने ते डब्यात ठेवलं. मग आयुषकडे पाहिलं, शीतलकडे पाहिलं. "सगळ्यांना माहीत होतं?"

शीतलने मान हलवली.

"काकांना पण?"

मी हो म्हणालो. त्या ‘हो’चा आवाज मला अजून आवडत नाही.

"लक्खा मेली तर मेली," ती म्हणाली, नेहमीसारखं हळू. "मरतेतच. पण फोन होता ना माझ्याकडं. एक फोन केला असता, रुमालाखाली कोण हाय म्हणून. आन एवढा आठवडा मी वॉर्डात सांगून राहिले, की आमच्या खेळात मी नसताना बी माझ्या माणसाला जपतेत."

तिने बटण उचललं, रुमाल उचलला आणि गेली. डबा राहिला.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. रणजीतही आला नाही. आयुष आला, एकटाच बसला, चहा पिऊन गेला. कागद टेबलावर तसाच होता आणि आम्ही जेवायला खाली बसत होतो, कारण तो गुंडाळायला शीतलचा हात धजेना. कमलने डबा घासून ठेवला आणि मला म्हणाली, "कुणी नेऊन द्यायचा हा?"

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालतातच. कमलने त्यात लाडू भरले होते. रणजीत ड्यूटी संपवून आला, डबा मागितला, उघडून पाहिला. लाडू काढून ताटात ठेवले आणि रिकामा डबा घेऊन दवाखान्यात गेला. पुढचं ज्योतीने नंतर कमलला सांगितलं. तो वॉर्डाबाहेर गणवेशातच उभा होता. तिने डबा हलवून पाहिला.

"रिकामा?"

"भरून आणला असता तर ती लाच झाली असती. भरायला तोंड न्हाई, सिस्टर."

"मंग काहून आलात?"

"डबा तुमचा हाय. माझ्याकडं तुमचं एवढंच परत करण्यासारखं हाय."

आतल्या दाराजवळच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "कोण गं हा? नवरा हाय का तुझा?" ज्योती म्हणाली, "न्हाई आजी, कंडक्टर हाय." म्हातारीने रणजीतला विचारलं, "मंग तिकीट दे की माझं घरचं." आणि ज्योतीला हसू आलं. रणजीतला आलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "रविवारी बघू."

रविवारी ती आली. आल्यावर लाल बटण तिने शीतलच्या हातात दिलं. "लक्खा मेली असं लिही. नियमानं मेली ना? मंग मेलीच. फिरवलेले फासे मला नकोत." शीतलने लिहिलं. मग ज्योतीने पिशवीतून एक काळं बटण काढलं.

"हे कोण?" आयुषने विचारलं.

"लक्खाची सासू. चौकशीला आलीय, सून कुठं गेली म्हणून."

आयुष खुर्चीवरून पडायचा राहिला. "आता आलं का मांत्रिकावर!" रणजीत खाली मान घालून बसला होता. तारेचं कडं त्याने आणलं नव्हतं. शीतलने आपल्याकडचा कंपास काढून त्याच्यापुढे ठेवला, तोही त्याने बाजूला सरकवला. तीन पाळ्या गेल्या आणि तो प्रत्येक वेळी काठीनेच मारत होता, आणि काठीने मांत्रिक काय मारणार! सासू पुढे, चोर बाजूला, आणि शत्रू वाढत चालले. आयुष वैतागला. "दादा, आमी मरून राहिलो. शरम नंतर करा."

"गोळा टाका दादा," ज्योती म्हणाली. "तुमी न्हाई टाकला तर सासू बी जाईल. मग मी कुणाला आणू, लक्खाच्या आजेसासूला?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने उठून पर्स घेतली आणि सवयीने रुमाल काढला. चौघडी केली. कागदाकडे पाहिलं. मग तो रुमाल काळ्या बटणावर न ठेवता तिने रणजीतच्या हातात दिला.

"ठेवायचा न्हाई. धरून बसायचं."

आणि ती गेली.

त्या दिवशी दुपारभर रणजीत राठोड उजव्या हातात ज्योतीचा रुमाल धरून आमच्या टेबलाशी बसला होता. चहा डाव्या हाताने प्यायला. त्याची पाळी आली की म्हणे, "थांबलो." चिंचोके साचत होते, दाराशी, एकमेकांना चिकटून, फलाटावर गाडी लागल्यासारखे. आयुषने त्याला दहा वेळा तरी सांगितलं, आता टाका, असा मोका न्हाई. "माणूस बाहेर गेलंय," तो म्हणे. शीतलने त्याला सुचवलं की सासूला बाजूला सरकवू या, ज्योती काही म्हणणार नाही. "तिची ती सरकवंल," तो म्हणाला. मग शीतलनेही शत्रूंची चाल जरा सावकाश घेतली. तो नियम होता की नव्हता, मी विचारलं नाही.

ज्योती परत आली तेव्हा त्याने उठून रुमाल तिच्या हातात दिला. घामाने तो ओला झाला होता. तिने तो घेतला.

मग त्याने कंपास उघडला आणि वर्तुळ काढलं, चांगलं मागे घेऊन. पुढचे चिंचोके बाहेर राहिले.

"तीन सुटून राहिले की!" आयुष ओरडला.

"राहू दे."

गाडी सुटण्याआधी कंडक्टर मागच्या दाराकडे बघून एक हाक देतो. घंटीचे दोन टोले त्यानंतर. रणजीत ती हाक इतकी वर्षं देत आला आहे की झोपेतही देत असेल. आमच्या टेबलावर मात्र त्याने ती कधी दिली नव्हती. आता त्याने फासे मुठीत घेतले, आयुषकडे पाहिलं, शीतलकडे, ज्योतीकडे, आणि मग माझ्याकडेही पाहिलं, मी खेळात नव्हतो तरी.

"राहिलं का कुणी आत?"

आयुषने आपला चोर बोटाने अजून थोडा दूर नेला. ज्योतीने काळं बटण एक चौकट मागे घेतलं. "उतरले," ती म्हणाली.

त्याने फासे टाकले. एक, दोन, एक, एक. इतका थंड आगगोळा मी पाहिला नाही. निम्मे चिंचोके तसेच उभे राहिले. आयुष पोट धरून हसायला लागला, "दादा, शेकोटी पेटवली का तुमी?" ज्योती हसली, शीतल हसली, आतून कमलने काय झालं म्हणून विचारलं.

रणजीतने फासे गोळा केले. मग वाकून ते पेन्सिलीचं वर्तुळ पुन्हा एकदा पाहिलं, पुरतं, कडेकडेने, टोले देऊन झाल्यावरही एखादा कंडक्टर मागचं दार बघतो तसं.